परसातला हौद: ताळेबंद आधी, जेसीबी नंतर

आमच्या पिढीतला नगरकडचा माणूस पोहायला शिकला तो विहिरीत. पाठीला वाळल्या भोपळ्याची सांगड नाहीतर पत्र्याचा बंद डबा, कमरेला कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात. चार दिवसांनी काका कासरा सैल सोडायचा, आठव्या दिवशी सोडूनच द्यायचा. पुढे मग मुटके आणि सूर. आता त्या विहिरींचं पाणी खोल गेलंय, काठावर मोटारीच्या वायरी लोंबतात आणि पोरांना तिथं पाठवायला कुणी तयार नाही. म्हणून गावाबाहेर बंगला बांधणारा किंवा शेतात घर करणारा माणूस हल्ली हमखास विचारतो, “मागं थोडी जागा आहे, एक स्विमिंग टँक काढला तर?”

काढावा. नगरला ही हौस नवी नाही. शहराबाहेरचा फराहबाग महाल निजामशाहीत भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध उभा राहिला, हश्त बेहिश्त बागेतली इमारतही पाण्यातच. दोन्हींची गोम एकच होती. तलाव बांधण्याआधी पाणी कुठून येणार हे ठरलेलं होतं. खापरी नळांनी लांबून पाणी आणून या शहराची तहान आणि हौस भागवली गेली. नळांची निगा सुटली, येणारं पाणी थांबलं आणि फराहबागेभोवती कोरडा खळगा उरला. परसातल्या हौदाचंही हेच होतं, फक्त चारशे वर्षं लागत नाहीत. एक उन्हाळा पुरतो.

म्हणून आधी कागद-पेन. हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. तोच हिशेब इथं लावू. घरगुती हौद 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद धरा. पाण्याची खोली उथळ टोकाला 1 मीटर, दुसऱ्या टोकाला दीड, म्हणजे सरासरी सव्वा. पाणी झालं 40 घनमीटर, 40 हजार लिटर. दहा हजारी टँकर चार. ऐकायला फार नाही.

पण भरणं हा एकदाचा खर्च आहे, खरी गळती वर आभाळात आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याचा रोज 8-10 मिलिमीटर थर उडतो. या हौदाला ते रोजचे अडीचशे ते तीनशे लिटर झाले, म्हणजे दीड पिंप. वर्षभराचा धरला तर पावणेदोन मीटरच्या आसपास थर जातो, साधारण 56 हजार लिटर. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या बहुतेक भागात पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या मागेपुढे, त्यातून हौदात थेट पडणार साडेसतरा हजार लिटर. शिवाय फिल्टर धुवायला आठवड्याला तीनशे लिटर धरले तर वर्षाचे पंधरा हजार. बेरीज-वजाबाकी केली की तूट येते चोपन्न हजारांच्या घरात. म्हणजे हौद दरवर्षी एकदा पुरता आणि वर आणखी तिसरा हिस्सा प्यायला मागतो.

आता जमेची बाजू. घराचं छत 100 चौरस मीटर असेल तर साडेपाचशे मिलिमीटर पावसात, वाया जाणारं सोडून, त्यावरून 44 हजार लिटर पाणी उतरतं. अडचण एवढीच की ते जून ते ऑक्टोबरमध्ये येतं आणि हौदाला लागतं मार्च ते मेमध्ये. तेव्हा छताचं पाणी पन्हाळ्यांतून गोळा करून, वाळू-खडीच्या गाळण खड्ड्यातून आपल्या विहिरीत किंवा बोअरला मुरवा, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी हौदासाठी उपसायचं नाही, हे घरातच ठरवा. पहिल्या सरींचं धुळीचं पाणी मात्र बाहेर सोडायचं. उरलेली तूट भरून काढायला हौदावर आच्छादन हवंच. पोहून झालं की पांघरायची बुडबुड्यांची प्लॅस्टिक शीट निम्म्याहून जास्त बाष्पीभवन थांबवते. ती दोन माणसांनी ओढत बसायची नसेल तर एका टोकाला रूळ बसवा. रूळ नसलेली शीट आठ दिवसांत गॅरेजमध्ये जाते, हे लिहून ठेवा.

आणि ताळेबंद जमत नसेल तर? पाथर्डी, पारनेर, संगमनेरच्या पठारावर जिथं मार्चपासून पिण्याचा टँकर फिरतो, तिथं हौद नको असं माझं सरळ मत आहे. पैसे आहेत म्हणून टँकर विकत मिळतो, पण तो कुणाच्या तरी विहिरीतूनच भरलेला असतो. अकोल्याचा पश्चिम भाग याला अपवाद. भंडारदऱ्याच्या वर, घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारांत पडतो. तिथं प्रश्न पाण्याचा नाही, पावसाळ्यात हौदात येणाऱ्या गाळाचा आहे.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, शेततळं आहेच की. शेततळ्यात पोहू नका. मुलांना तर अजिबात नाही. त्याच्या बाजू एकास एक उताराच्या असतात, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि कागदावर शेवाळ. पोहता येणाऱ्यालाही वर चढायला पकड मिळत नाही. काठापासून तीन मीटर आत गेलं की 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात तीन मीटर पाणी असतं. शेततळ्यांत बुडालेल्यांमध्ये चांगले पट्टीचे पोहणारेही आहेत. ज्यांच्याकडे तळं आहे त्यांनी आजच्या आज कुंपण घालावं आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडावेत. हौद नंतर बघू.

आता जमीन. नगर जिल्ह्यात दोन घरांच्या मध्ये जमीन बदलते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराचा नकाशा जसाच्या तसा उचलू नका. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगावकडे, खोल काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. हौदाची भिंत या ओढाताणीत सापडली की कोपऱ्यातून तडकते. पठाराकडे हाताभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथं पाया उत्तम, पण खोदाईला ब्रेकर लावावा लागतो आणि तासाचं भाडं चढत जातं. अशा ठिकाणी हौद थोडा उचलून घ्यावा, निम्मा जमिनीत आणि निम्मा वर, बाजूने मातीचा भराव. दिसतोही चांगला.

त्यामुळे नकाशाच्या आधी चाचणीचा खड्डा. जिथं हौद करायचा तिथंच दोन-सव्वादोन मीटर खोल, माणूस उतरेल एवढा खड्डा जेसीबीने पाडा. कोणता थर कुठे लागतो ते बघा, फोटो काढून ठेवा, तो खड्डा कठडा घालून पावसाळाभर राहू द्या. परतीचा पाऊस पडून गेल्यावर त्यात पाणी कुठवर उभं राहतं ते मोजा. शेजारच्या विहिरीची त्या वेळची पातळीही विचारा. हे का, ते पुढच्या परिच्छेदात, आणि या लेखातला एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर तो ठेवा.

आपल्या मापाचा काँक्रीटचा हौद, भिंती आणि तळ 20 सेंटिमीटर जाडीचे धरले तर, रिकामा असताना सुमारे 36 टन भरतो. बाहेरून त्याचं तळाचं क्षेत्र 37 चौरस मीटर. भोवतालच्या जमिनीतलं पाणी तळापासून फक्त एक मीटर वर आलं तरी ते हौदाला खालून 37 टनांनी ढकलतं. म्हणजे हौद होडी होतो. कालव्याच्या लाभक्षेत्रात, जिथं उसाला पाट चालू असतो आणि पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात, तिथं सफाईसाठी रिकामा केलेला हौद एका बाजूने वर उचलला जाऊ शकतो, आणि तडकलेला तळ परत बसत नाही. उपाय अवघड नाहीत. तळाखाली खडीचा थर आणि त्यातून निघणारा सच्छिद्र पाइप एका बाजूच्या छोट्या विहिरीसारख्या चेंबरमध्ये आणून सोडायचा. रिकामा करण्याआधी त्या चेंबरमध्ये डोकावून पाहायचं, पाणी असेल तर आधी ते पंपाने काढायचं. तळात बाहेरचा दाब मोकळा करणारा व्हॉल्व्हही बसवतात, पण काळ्या मातीत तो चिखलाने बसतो, म्हणून माझा भरवसा चेंबरवर. आणि हौद रिकामा करायचाच झाला तर मे महिन्यात, पावसाळ्यानंतर कधीच नाही.

खोदाईला मुहूर्त जानेवारी-फेब्रुवारीचा. जमीन वाळलेली असते, पाणी खाली गेलेलं असतं आणि काँक्रीट ओतायला हवा थंड मिळते. काम करायला चारही बाजूंनी 60 सेंटिमीटर जागा आणि खाली मुरमाचा थर धरला तर खड्डा सुमारे 107 घनमीटरचा होतो, म्हणजे 38 ब्रास. उकरलेली माती फुगते, ट्रॉल्या मोजताना सवाईने धरा. ती टाकायची कुठे हे आधी ठरवा. काळी माती असेल तर शेतात पसरा, पण हौदाच्या भिंतीमागे परत भरू नका. तळाखाली 30 सेंटिमीटर आणि भिंतींमागे सगळीकडे मुरूमच, तोही थराथराने, पाणी मारून, रोलर किंवा कंपन यंत्राने दाबून. ठेकेदार इथंच वेळ वाचवतो. मुरूम ट्रॉलीतून धाडकन ओततो आणि वर फरशी मारतो. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी खचते.

सळईचं माप लेखात देत नाही, कारण ते जमिनीवर ठरतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा घ्या आणि त्याला दोन्ही अवस्था तपासायला सांगा: हौद भरलेला पण बाहेर भराव नाही, आणि हौद रिकामा पण बाहेर ओली माती. घराच्या स्लॅबची सळई बांधणारा मिस्त्री कितीही चांगला असला तरी ‘अंदाजाने’ हा शब्द इथं चालत नाही. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस 3370 हे मानक आहे. त्यात सळईच्या कामाला किमान एम 30 प्रतीचं काँक्रीट सांगितलंय. नेहमीच्या एम 20 वर भागवू नका. आपल्या हौदाला काँक्रीट लागेल सुमारे 14 घनमीटर, सळई दीड टनाच्या आसपास. हे आकडे हातात असले की कुणाचा दर वाजवी आणि कुणाचा हवेतला, हे तुम्हालाच कळेल. म्हणून एकरकमी भाव मागू नका, कामवार दर मागा.

तळ एका दमात ओतायचा, दुपारच्या जेवणाची सुट्टीसुद्धा मध्ये नको. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी. भिंतीत जाणारे सगळे पाइप ओतण्याआधी बसवायचे, नंतर छिन्नीने भोकं पाडायची नाहीत. व्हायब्रेटर दोन ठेवा, एक बंद पडतोच. मग क्युरिंग. इथल्या कोरड्या वाऱ्यात काँक्रीट बाहेरून लवकर सुकतं आणि केसाएवढे तडे जातात, तेव्हा गोणपाट ओलं ठेवून किमान चौदा दिवस, एकवीस झाले तर उत्तम. तळावर आळं करून पाणी साठवलं की अर्धं काम आपोआप होतं.

पायऱ्यांबद्दल एक हट्ट सांगतो. स्टीलची शिडी लावू नका. उथळ टोकाला भिंतीच्या रुंदीभर बारवेसारख्या पायऱ्या करा. अहिल्याबाईंच्या चौंडीचा हा जिल्हा, बारव कशाला असते हे इथं कुणी शिकवायला नको. पायऱ्यांवर म्हातारी माणसं पाण्यात पाय सोडून बसतात, लहान पोरं तिथंच डुंबतात, आणि दमलेल्याला बाहेर यायला हात नाही, पाय लागतो.

टाइल्स लावण्याआधी हौद भरा. सात दिवस नुसता भरून ठेवा, काँक्रीटला प्यायचं ते पिऊ द्या. पुढचे सात दिवस पातळी मोजा. सोबत एक बादली पाण्याने भरून पायरीवर ठेवा, बादलीतलं आणि हौदातलं पाणी एका पातळीवर आणून खूण करा. बादलीइतकंच हौदातलं उतरलं तर ते ऊन, जास्त उतरलं तर ती गळती. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता या बादलीनंतर द्या. गळती सापडली तर दुरुस्ती आत्ता स्वस्त आहे. वॉटरप्रूफिंगचा लेप आणि टाइल्स चढल्यावर तीच गळती शोधायला अख्खा हौद फोडावा लागतो. टाइल्सच्या सांध्यात इपॉक्सी भरा, पांढरं सिमेंट क्लोरीन खाऊन टाकतं. भोवतीच्या फरशीला उतार हौदाकडे नको, बाहेर हवा. आणि जास्तीचं पावसाचं पाणी जायला काठाखाली सांडव्याचा पाइप ठेवा, तो मुरवण खड्ड्याकडे.

जागा निवडताना घराच्या पायापासून, शोषखड्ड्यापासून आणि चिंचेपासून लांब. चिंचेची बारीक पानं फिल्टरची शत्रू आहेत. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर गळीत हंगामात काळी काजळी पाण्यावर तरंगणार, हे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारलंत तरी कळेल. मोटार-फिल्टरची खोली लहान पण हवेशीर.

40 हजार लिटर पाणी सहा तासांत एकदा गाळून निघायला हवं. त्याला दोन फुटी वाळूचा फिल्टर आणि एक अश्वशक्तीचा पंप पुरतो. तो रोज सहा-आठ तास चालेल. वीज घरगुती मीटरवरची घ्या, शेतीपंपाच्या जोडणीवर चालवू नका. ते नियमात बसत नाही, आणि शेतीची वीज पाळीने येते. पोहण्याच्या वेळी ती असेलच याचा भरवसा नाही.

पाणी शुद्ध ठेवायला गावात ओळखीची टीसीएल पावडर चालते. तिच्यात क्लोरीन साधारण एक तृतीयांश असतं, म्हणजे आपल्या हौदात क्लोरीनची पातळी 1 पीपीएमने चढवायला 120 ग्रॅम पावडर. पातळी 1 ते 3 च्या मध्ये ठेवा, पीएच 7.2 ते 7.8. तपासायचा किट स्वस्त मिळतो, रोज संध्याकाळी दोन थेंबांचं काम. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच हौदात घाला, तीही सूर्य मावळल्यावर, कारण ऊन क्लोरीन उडवतं. टीसीएलला अ‍ॅसिड लागू देऊ नका, विषारी वायू सुटतो. ट्रायक्लोरच्या गोळ्यांच्या डब्यातही ती मिसळू नका, भडका उडू शकतो. बोअरचं क्षारट पाणी वरचेवर घालत राहिलात तर टाइल्सवर पांढरी पुटं चढतात, म्हणूनही छताचं पाणी बरं. फिल्टर धुतलेलं पाणी एका खड्ड्यात तीन-चार दिवस उन्हात ठेवून नारळाला द्या.

एवढं सगळं करून कुंपण राहून जातं. सगळ्यांचंच राहतं, कारण तोवर पैसे संपलेले असतात. म्हणून ते खोदाईच्या आधी बांधा. किमान सव्वा मीटर उंच, पाय ठेवायला आडवी पट्टी नसलेलं, फाटक आपोआप मिटणारं आणि कडी पोराचा हात पोचणार नाही इतकी वर. हौद स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला हवा. तळातून पंपाकडे पाणी ओढणारी जाळीची तोंडं एकाऐवजी दोन, एकमेकांपासून लांब, म्हणजे कुणाचा हात किंवा केस ओढले जाऊन अडकणार नाहीत. पंपाच्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे. दीड मीटर खोलीत सूर मारायचा नाही, मान मोडते. हे काठावर मोठ्या अक्षरांत रंगवा, पाहुण्यांच्या पोरांसाठी. मुटका मारा हवा तेवढा. आठ मीटर लांबी कुणाला कमी वाटेल, त्याने कमरेला रबरी दोर बांधून तो भिंतीच्या कडीला अडकवावा आणि जागच्या जागी तासभर पोहावं. काकाचा कासरा शेवटी परत येतोच. राहुरी-संगमनेर-अकोल्याच्या उसात बिबटे आहेत, साप-बेडूक तर सगळीकडे. रात्री पाण्यात एक खरबरीत फळी तिरकी सोडून ठेवली तर पडलेला जीव बाहेर जातो आणि सकाळी तुम्हाला तो काठीने काढावा लागत नाही.

परवानगीचं थोडक्यात. शहरात महापालिकेच्या नगररचना विभागात घराच्या नकाशासोबतच हौद दाखवा, गावात ग्रामपंचायतीत विचारा, आणि जमीन शेतीची असेल तर बांधकामाआधी तलाठ्याकडे जा. बांधून झाल्यावर गेलात तर चकरा वाढतात.

हा लेख तुम्ही उन्हाळ्यात वाचत असाल तर या वर्षी फक्त चाचणीचा खड्डा पाडा, कुंपण घाला आणि थांबा. नगरला खरा पाऊस परतीचा. तो पडून गेल्यावर खड्ड्यात पाणी किती उभं आहे ते काठीने मोजा, आकडा भिंतीवर लिहा, आणि मग इंजिनिअरला फोन करा.